झोत वळवण्याआधी

प्रति,
मा. अधिकारी,
नौका उपग्रह संपर्क कक्ष,
वसई-विरार विभाग.

विषय : बुडालेल्या 'मरियामाता' नौकेवरचा उपग्रहाचा झोत वळवण्यापूर्वी एक निरोप पाठवण्याबाबत.
संदर्भ : माझे आधीचे दोन अर्ज व त्यांना आलेली आपली परस्परविरोधी उत्तरे.

महोदय,

१. मी अर्नाळ्याची मासळी विकणारी बाई, 'मरियामाता' नौका चालवणारे तांडेल क्लेमेंट तुस्कानो यांची पत्नी. गेल्या वर्षी दिवाळीआधीच्या वादळात त्यांची नौका बुडाली. खलाशांना दुसऱ्या नौकेने वाचवले. सुकाणूवर असलेले क्लेमेंट परतले नाहीत.

२. केबिनच्या छपरावर आपल्या कक्षाने बसवलेली चपटी अँटेना होती. ती जागची हलत नाही, पण नौका कितीही डोलली तरी तिचा संदेशलहरींचा झोत उपग्रहाकडे वळतो, आणि उपग्रहही आपला झोत नौका असतील तिकडे वळवतो, असे आपल्याच माणसाने समजावले होते. तेव्हा कौतुक वाटले. आता भीती वाटते. कारण नौका बुडाल्यावरही रोज सांजवेळी देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, घंटा झाली की त्या अँटेनेवरून माझ्या फोनवर संदेश येतो, 'सर्व ठीक'.

३. पहिल्या अर्जात मी मृत्यूचा दाखला मागितला. संदेश येतो त्या अर्थी नौका तरंगत आहे, सबब दाखला देता येत नाही, असे आपण कळवले. मग दुसऱ्या अर्जात, तरंगत असेल तर शोधा, अशी विनंती केली. नौका बुडाल्याची नोंद आहे, सबब शोध घेता येत नाही, असे कळवले. आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना. मी विधवा आहे की सधवा, तेवढे तरी लेखी कळवायचे होते.

४. आता त्या पाण्यात नौका जात नाहीत म्हणून सोमवारपासून झोत दुसरीकडे वळणार, असे आपले पत्र आले. सुटले म्हणून मला बरे वाटायला हवे होते. तसे वाटले नाही. क्लेमेंट 'सर्व ठीक' सांगत राहिले आणि ऐकायला कोणीच नसले तर?

५. पत्र सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत देते : "निरोप पोचला म्हनून त्याला कोनी सांगितलंच नाय. मंग तो सुकानू कसा सोडंल?" साहेब, आमच्याकडे रीत आहे. तांडेलाने निरोप दिला की किनाऱ्याने 'पोचला' म्हणायचे. तोवर तांडेल सुकाणू सोडत नाही, जेवत नाही, पाठ टेकत नाही. वायरलेस होता तेव्हा हे आम्ही घरची माणसे म्हणत असू. या अँटेनेवर उत्तर देण्याची सोय फक्त आपल्या कक्षाकडे आहे, आणि ही रीत आपल्याला कोणी सांगितली नव्हती.

६. तरी दाखला आणि शोध, दोन्ही मागण्या मी मागे घेते. झोत वळवण्याआधी त्या नौकेला 'पोचला' एवढा एकच शब्द पाठवावा. मग संदेश थांबतील, आणि ते थांबायला मला नको आहेत, हेही नमूद करते. त्यांच्यावरच माझी संध्याकाळ निघते. तरीही पाठवावा. माणूस फार दमला असेल.

आपल्या कक्षावर भरवसा ठेवून,
(सही)
बेटी क्लेमेंट तुस्कानो
अर्नाळा, दि. १४ नोव्हेंबर २०२५