भिंत बंद करण्याआधी

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं हं-हं करून सुटतोस, म्हणून कागद पुढे घेतला. आता सुटून दाखव. तुझ्या भाचीचा बांधकाम व्यवस्थापनाचा अभ्यास पुरा झाला, हे तिने तुला माझ्याआधी कळवलंच असेल. काल तिला नोकरीचं पत्र आलं. नव्या इस्पितळाचं काम आहे, घरापासून पाच तासांवर. पोरगी घरभर नाचतेय, आणि मी भाजी चिरताना बोट कापून घेतलं.

माझा राग शिक्षणावर नाही. पण तीस वर्षं तू हेच केलंस आणि मी ते पाहिलंय. आई आजारी होती तेव्हा तू कुठल्याशा सातव्या मजल्यावर होतास. माझ्या लग्नाला आलास तो केसांत सिमेंट घेऊन. आणि काम काय करतोस असं विचारलं की म्हणायचास, मी काही करत नाही, दुसऱ्यांकडून करून घेतो. गवंडी विटा रचतो, नकाशा काढणारा नकाशा काढतो, मग हा मधला कोण? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं व्हायला नको.

ती माझं ऐकत नाही. तुझा शब्द मात्र तिला काळ्या दगडावरची रेघ वाटते. तेव्हा तूच लिही, आणि खरं लिही. उन्हाचं लिही, शिव्यांचं लिही, वेळेवर न मिळालेल्या जेवणाचं लिही. ऐकून ती माघारी फिरली तर उत्तमच. नाही फिरली तरी माझ्या मनाची तयारी होईल.

तब्येत सांभाळ. तुझ्यावरचा राग आणि माया दोन्ही पूर्वीइतकीच.

तुझी ताई

८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

अभिनंदन. तुझ्या आईने मला तुला घाबरवायचं काम दिलंय, तेव्हा ते आधी उरकतो. ऊन लागेल. पावसात बूट पायातून निघणार नाहीत. मालकाला इमारत कालच हवी असते, नकाशेवाले उद्या नकाशा बदलणार असतात, आणि त्या दोघांच्या मध्ये तू. यश आलं तर नाव दुसऱ्याचं होतं, खोळंबा झाला तर नाव तुझं. झालं, घाबरवून संपलं.

आता कामाचं. लोकांना वाटतं बांधकाम म्हणजे विटा, लोखंड आणि सिमेंट. ते असतंच. पण आपलं काम म्हणजे आधी कोण आणि मग कोण, हे ठरवणं. नळवाल्याचे पाइप भिंतीत गेल्याशिवाय गिलावा करायचा नाही. वायरवाला येऊन गेल्याशिवाय रंगारी बोलवायचा नाही. हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण साठ माणसं, दोनशे कामं आणि उशिरा येणारे चार ट्रक एकत्र आले की भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. कोणता माल कधी मागवायचा, कुणाचं काम कुणासाठी अडलंय, वरच्या मजल्यावर माणसं असताना खाली कुणाला उभं राहू द्यायचं नाही, हे सगळं एका डोक्यात ठेवावं लागतं. ते डोकं तुझं.

पहिला महिनाभर हुकूम सोडू नकोस. विचारत फिर. पुस्तकात नाही ते गवंड्याला माहीत असतं, पण तो आपणहून सांगत नाही, कारण त्याला कुणी विचारलेलंच नसतं. आणि मला माहीत नाही, हे वाक्य मोठ्याने म्हणायची सवय कर. मला ते जमायला फार वर्षं लागली.

जेवण वेळेवर घे, म्हणजे तुझी आई मला जगू देईल. आशीर्वाद आहेतच, पत्र पाठवत राहा.

तुझा मामा

२१ मार्च

ती. मामांस, सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे महिनाभर फक्त विचारत फिरले. लोकांना वाटलं नवी मुलगी थोडी मंद आहे. आता जरा मानाने वागवतात, कारण मोठ्या साहेबांनी सगळ्या कामाचं वेळापत्रक माझ्याकडे दिलंय. मोठे साहेब म्हणजे आमचे मुख्य व्यवस्थापक. कमी बोलतात, आणि बोलले की समोरच्याला आपण कमी बोलायला हवं होतं असं वाटतं.

माझी केबिन म्हणजे पत्र्याची खोली, इमारतीपासून पन्नास पावलांवर. भिंतीभर माझा तक्ता लावलाय. एकेक ओळ म्हणजे एकेक काम. निळी पट्टी पुढे सरकली की मला जेवल्यासारखं वाटतं. आईला हे सांगू नका, ती लगेच डबा घेऊन येईल.

इथले सगळ्यात जुने म्हणजे गवंडीकाका. वीट हातात घेतात आणि नुसत्या वजनावरून सांगतात, ही कच्ची आहे. माझ्याशी फारसं बोलत नाहीत. परवा मी त्यांना विचारलं की माझ्या तक्त्याबद्दल त्यांना काय वाटतं. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, छान रंगवलाय. मामा, ही स्तुती होती की टोमणा, हे तुम्हीच सांगा.

मामींना नमस्कार. तुमची माया आहे, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची भिंगरी

१० मे, सोमवार

ती. मामांस, सा. न. वि. वि.

हे पत्र आईला दाखवू नका.

तळमजल्यावर रोग्यांच्या तपासणीसाठी एक मोठं मशीन बसायचंय. ते दारातून आत जात नाही, म्हणून मागची भिंत उघडी ठेवायची, मशीन आत घ्यायचं आणि मग भिंत बांधायची, असं ठरलेलं होतं. मशीन येणार होतं एप्रिलमध्ये. त्यांनी कळवलं की तीन आठवडे उशीर होईल. मी तक्त्यावर मशीनची ओळ तीन आठवडे पुढे सरकवली. त्याखालची भिंतीची ओळ सरकवायची विसरले.

ठरल्या दिवशी गवंडीकाकांनी मला फोन केला. विचारलं, इथे आत अजून काही यायचंय का? मी केबिनमध्ये होते, समोर तीन माणसं बसलेली. तक्त्याकडे पाहिलं. भिंत, आजची तारीख. मी म्हणाले, बंद करा. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की ना? मी जरा वैतागूनच सांगितलं की तक्त्यावर तसंच आहे. पन्नास पावलं चालून जायचं होतं, मामा. उंटावरून शेळ्या हाकल्या. त्यांनी विटा रचल्या, वर गिलावाही केला, आणि इतका सुंदर केला की मी येता-जाता पाहत होते. तरीही मला आठवलं नाही.

आज मशीन आलं. ट्रक, क्रेन, मालक, सगळे हजर, आणि समोर गुळगुळीत भिंत. माझ्या पायाखालची वाळू सरकली. मोठ्या साहेबांनी विचारलं, ही भिंत कुणी बंद केली? गवंडीकाका पुढे आले आणि म्हणाले, मी केली. एवढंच. कुणी सांगितलं ते बोलले नाहीत. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की शनिवारपासून त्यांनी कामावर यायचं नाही.

मी मूग गिळून गप्प बसले. मशीन ताडपत्रीखाली अंगणात पडलंय. नोकरीला अजून चार महिनेही झाले नाहीत. आता बोलले तर मला काढतील, आणि आई म्हणेल, बघ, मी सांगत होते. नाही बोलले तर त्यांना काढतील. शनिवारपर्यंत वेळ आहे. काय करू ते लिहा, लवकर.

तुमची भिंगरी

१३ मे

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

पत्र आत्ता मिळालं, लगेच लिहायला बसलो. काय करायचं ते मी सांगणार नाही. तो अधिकार मी केव्हाच गमावलाय, कसा ते सांगतो.

मी तिशीत होतो. एका वसतिगृहाचं काम चालू होतं. दारांच्या चौकटींसाठी मी सुताराला नकाशा दिला, तो जुना होता. नवा माझ्याच खणात होता. त्याने चाळीस चौकटी बनवल्या, सगळ्या चार बोटं आखूड. विचारणा झाली तेव्हा तो म्हणाला की साहेबांनी दिलेल्या मापाने केल्या. मला विचारलं. मी म्हणालो, बघावं लागेल. फक्त तेवढंच म्हणालो. खोटं एक अक्षर बोललो नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा रंधा आणि करवत फाटकाबाहेर गेली. जाताना त्याने मला नमस्कार केला. त्याच वर्षी मला बढती मिळाली. तुझ्या आईने तेव्हा शेजारीपाजारी पेढे वाटले होते. तिला हे आजही माहीत नाही.

पुढे मी पुष्कळ इमारती उभ्या केल्या. त्यांतली एकही पडली नाही, एकही गळत नाही. तरी कुठल्याही नव्या घरात शिरलो की आधी माझी नजर चौकटीवर जाते. लाज वाटते मला, पोरी. हे मी आजवर कुणाला लिहिलं नव्हतं.

चूक सगळ्यांकडून होते. तुझी चूक हुशार माणसाची आहे, कागदावर फार विश्वास ठेवणाऱ्याची. ती सुधारायला भिंत पाडावी लागेल, एवढंच. गप्प बसून जे उभं राहतं ते मात्र पाडता येत नाही.

जे करशील ते करून मला कळव. काहीही केलंस तरी माझे आशीर्वाद तुझ्याच पाठीशी.

मामा

१४ मे

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

परवा दुपारी पोरीचा फोन आला. रडत होती. भिंतीचं सगळं सांगितलं, आणि म्हणाली, आई, मी राजीनामा देऊन घरी येते, म्हणजे कुणाला काही सांगायलाच नको.

तीन महिने मी दुसरं काय मागत होते? ती घरी यावी, एवढंच. आता ती आपल्या तोंडाने येते म्हणत होती, आणि मला काय झालं कोण जाणे, मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, त्या म्हाताऱ्या माणसाला तसंच टाकून आलीस तर दार उघडणार नाही. आधी सांग, मग हवं तर ये. फोन ठेवला आणि तुझ्या मेव्हण्यांना विचारलं की मी हे काय बोलले. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, बरोबर बोललीस.

ती बोलली की नाही, अजून कळलेलं नाही. जिवाला घोर लागलाय. तुला काही कळलं तर या खेपेला फोन कर, मी हं-हं करणार नाही. तू असा माणूस टाकून कधी आला नसतास, हे मला माहीत आहे, म्हणूनच तिला तसं बोलायचा धीर झाला.

तुझी ताई

२४ मे

ती. मामांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र १७ तारखेला मिळालं. त्याआधीच, १३ तारखेच्या गुरुवारी सकाळच्या बैठकीत, मी उभी राहिले आणि सांगितलं की भिंत मी बंद करायला लावली. आवाज इतका बारीक आला की साहेबांनी पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा बरा निघाला. साहेबांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले की गवंडीकाका राहतील, तक्ता माझ्याकडून काढून घेतलाय, आणि पुढचे तीन महिने मी केबिनमध्ये बसायचं नाही, दिवसभर कामावर उभं राहायचं. मी घरी जायची बॅग भरून ठेवली होती. ती तशीच परत उपसली.

मला वाटलं होतं गवंडीकाका खूश होतील. छे! ते चिडलेले होते. मी माफी मागायला गेले तर म्हणाले की तीन दिवस त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहत काढले, आणि हे सोमवारीच व्हायला हवं होतं. मी मान खाली घालून ऐकलं. खरंच होतं.

भिंत त्यांनीच पाडली. मी विटा उचलायला गेले, त्यांनी नको म्हटलं नाही. शुक्रवारी मशीन आत गेलं. शनिवारी त्यांनी विटा भिजवल्या, माल कालवला, आणि मला बोलावणं पाठवलं. पाचसहा माणसं उभी होती. त्यांनी मला समोर उभं करून विचारलं, आत अजून काही यायचंय का? माझ्या हातातल्या कागदावर सगळ्या खुणा झालेल्या होत्या. तरी कागद खिशात घातला आणि आत गेले. मशीनभोवती फिरले. वायरी पाहिल्या, पाइप पाहिले. मग लक्षात आलं की रोगी ज्याच्यावर निजतो तो लांब पाट कुठेच नाही, आणि तो बोळातून वळवून दारातून आत येणं शक्य नव्हतं. बाहेर येऊन मी म्हणाले, थांबा.

त्या पाटाचं खोकं आम्ही अर्धा तास शोधलं. गवंडीकाका ज्याच्यावर बसून चहा पीत होते, तेच निघालं. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. सगळे हसले, तेही हसले, पहिल्यांदाच. पाट आत गेला, मी पुन्हा आत जाऊन आले, त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी म्हणाले, करा. शेवटची वीट लागेपर्यंत तिथेच उभी होते.

आईला मी तुमच्या पत्रातलं काही सांगितलेलं नाही. ते तुमचं तुम्ही सांगाल तेव्हा सांगा. एकच विचारायचंय. तो सुतार आता कुठे असतो, हे कुणाला तरी ठाऊक असेलच ना? उशीर झालाय हे खरं, पण मी तीन दिवस उशीर केला तरी गवंडीकाकांनी मला पुन्हा विचारलं. त्याला शोधून ठेवा, मामा. रविवारी मला सुटी असते, मी सोबत येईन.

मामींना नमस्कार. लोभ आहे तसाच ठेवा, तो मला लागणार आहे.

तुमची भिंगरी