स्पॉयलरचा डावा नट

गणू,

तुला दोनदा हलवलं, तू कूस बदललीस. सोमवारचं माझं मौन दुपारच्या आरतीपर्यंत असतं, म्हणून लिहून ठेवतेय.

स्पोर्ट्स कार आज आपल्या शेडमधून जाणार, म्हणून नेहमीसारखं कुंकू लावायला गेले. डिकीवर तू बसवलेल्या त्या नव्या पंखाला, स्पॉयलरला, बोट टेकवलं तर डावी बाजू हलली. डिकी उघडून पाहिलं. आतला नट नुसता हातानं फिरवून ठेवलायस. आणि काल गाडीवाल्या साहेबांना "एकदम पक्का बसलाय" म्हणालास.

ते सकाळीच येऊन थेट हायवेला लागणार. वेगात तो उडाला तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यावर जाईल. महाळुंग्याच्या रस्त्यावर तुझे बाबाही कुणाच्या तरी गाडीमागेच होते. जास्त लिहीत नाही.

डिकी उघडीच ठेवलीय, पान्यानं नट नीट आवळ. गाडीची किल्ली माझ्या पूजेच्या पिशवीत आहे. मी देवळात आहे, मला घ्यायला ये. शेडमध्ये येऊन पुन्हा बोट टेकवून पाहीन, मगच किल्ली.

भगर झाकून ठेवलीय, खाऊन घे.

साहेब फारच चिडले तर मला फोन लावून त्यांच्या हातात दे. मौन मोडेन, पण किल्ली देणार नाही.

आई