न चाखता शिजवलेलं

नाशिक
ता. १४ जानेवारी २०२४

ती. रूपी आत्यास,
प्रगतीचा सा. न. वि. वि.

मी इथे बरी आहे. तुझ्या पाड्यावर रेंज नाही, म्हणून पत्र. स्वयंपाकाच्या कोर्सचे दोनच महिने राहिले. परीक्षेसाठी चिठ्ठ्या उचलायच्या होत्या. माझ्या चिठ्ठीत निघालं डुकराचं मटण, अननस घालून, चिनी पद्धतीचं! पातळ चकत्या मोठ्या आचेवर परतायच्या, त्यात आलं-लसूण, सोया सॉस, व्हिनेगर, साखर आणि अननसाच्या फोडी.

तुला ठाऊकच आहे, जामसरला आमच्या घरात डुक्कर शिजत नाही. निघताना बानं मला शपथ घातली, काय वाटेल ते शिक, पण डुक्कर तोंडात घालू नकोस. का, म्हणून विचारलं तर उठून अंगणात गेला. तू तर डुकरं पाळतेस. एकदा करून बघ आणि चव कशी लागते ते सविस्तर लिही. तुझ्या जिभेवर मी पास होईन.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी भाची,
प्रगती


मोखाडा
ता. २८ जानेवारी २०२४

चि. प्रगतीस,
रूपी आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र अंगणवाडीत बायांना वाचून दाखवलं. डुकरात अननस ऐकून सगळ्या पोट धरून हसल्या. शेजारच्या जिवानं रविवारी डुक्कर कापलं, त्यातलं मटण घेतलं. सोया सॉस बाळ्याच्या चायनीजच्या गाडीवरून वाटीभर मागून आणला.

पहिल्या खेपेला मी शहाणपणा केला. अननस मटणाला आधीच लावून ठेवला. अननसानं मटणाचाच लगदा केला, तो कुत्र्यानं खाल्ला. दुसऱ्या खेपेला फोडी अगदी शेवटी टाकल्या, तेव्हा जमलं. आधी गोड लागतं, मग आंबट पुढे येतं आणि चरबीची चव मागून, सावकाश. तुझ्या आतोबांनी तीनदा वाढून घेतलं, वर म्हणाले की नाशिकला असलं खुळं शिकवतात होय.

पण पोरी, तुझा अननस वेगळा, तुझं व्हिनेगर वेगळं. माझ्या जिभेनं तुझं मीठ कसं कळायचं? शपथेचं कारण मला ठाऊक आहे, पण ते दादानंच, तुझ्या बानंच सांगावं.

जेवणाची हयगय करू नकोस.
तुझी,
आत्या


नाशिक
ता. ११ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल सरावात मी न चाखता केलं. सोया सॉसमध्ये मीठ असतं हे विसरून वरून मीठ घातलं. मॅडमनी एक घास घेतला आणि ताट परत सरकवलं. चाखत नाही हे त्यांना कळलंय. शांतपणे म्हणाल्या की, स्वतः न चाखलेलं दुसऱ्याच्या पानात वाढायचं नसतं, परीक्षेला चाखणार नसशील तर येऊ नकोस.

चोरून चाखावं असं मनात आलं. पण मग बाच्या ताटाला ताट लावून कशी बसू? त्यापेक्षा कोर्स सोडून घरी येते. बाला यातलं काही कळवू नकोस.

रागावू नकोस.
प्रगती


मोखाडा
ता. २० फेब्रुवारी २०२४

चि. प्रगतीस,
अनेक आशीर्वाद.

मी दादाला कळवलं. राग आला तर येऊ दे. काल तो जीप बदलत बदलत माझ्याकडे आला, चुलीपाशी बसला आणि म्हणाला की, मला लिहिता येत नाही, तू लिही. ते असं.

तू दीड वर्षाची होतीस. हातपाय काटक्यांसारखे, पोट तेवढं फुगलेलं. दवाखान्यात तीन आठवडे होतीस. दादा वाघोबा देवापुढे जाऊन नवस बोलला की, पोर जगली तर माझ्या घरात डुक्कर शिजणार नाही, मी ते तोंडात घालणार नाही. त्याच्या सगळ्यात आवडीचं तेच होतं. तू जगलीस.

दादा म्हणतो की, नवस मी माझ्या जिभेचा केला होता, पोरीच्या नाही. शपथ मी भीतीपोटी घातली. तिनं खाल्लं आणि काही झालं तर, ही भीती माझी होती. इतकी वर्षं तिला उगाच बांधून ठेवलं. ती आता धडधाकट आहे, तिला म्हणावं चाख. माझा नवस मी पाळीन.

एवढं सांगून त्यानं मला ते दोनदा वाचायला लावलं. मग डोळे पुसून धुराला शिव्या दिल्या. चूल तर विझलेली होती.

कोर्स सोडायचं नाव काढू नकोस.
आत्या


नाशिक
ता. १३ मार्च २०२४

ती. बा आणि ती. आत्यास,
प्रगतीचा सा. न. वि. वि.

आत्या, हे बाला वाचून दाखव.

काल परीक्षा झाली. कढईतला पहिला तुकडा उचलून तोंडात घातला. बा, तुझ्यासारखी मलाही भीती वाटली. मग चव लागली आणि भीती बाजूला राहिली, कारण व्हिनेगर जास्त झालं होतं! चिमूटभर साखर घातली, फोडी वाढवल्या, पुन्हा चाखलं. मॅडमनी ताट संपवलं. एक-दोन चकत्या जाड कापल्या म्हणून गुण कापले, पण मी पास झाले. एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात एप्रिलपासून नोकरी सांगितलीय.

होळीला येते. आत्याच्या अंगणात हे करून घालीन. बा, तुझ्यासाठी वेगळी कढई आणि कोंबडी आणतेय, त्यातही अननस घालीन. तू नुसता खायला बस. मीठ बरोबर आहे की नाही, ते मी आधी बघेन.

तुमची,
प्रगती