भट्टीच्या फोटोला कोण पैसे देतं?

९ फेब्रुवारी

आणि वर मलाच विचारते — 'फोटो काय तुझ्या एकट्याचा आहे?' मग कुणाचा! नाक माझं, शेंबूड माझा, दोन्ही पायांना बांधलेले कॅलिपर माझे. लहानपणी ताई माझी पाटी न विचारता घ्यायची. आता तोंडच घेतलं!

तिच्या संस्थेतली भट्टी बंद पडलीय. तिच्यात प्लास्टिक मऊ करून पोरांच्या पायांच्या मापाचे कॅलिपर बनवतात. नवी भट्टी चार लाखांची. म्हणून ताईने इंटरनेटवर मदतीचं पान उघडलं. अट अशी की अठ्ठावीस तारखेपर्यंत चार लाख भरले तर संस्थेला, नाहीतर ज्याचे त्याला परत. अर्धंमुर्धं चालत नाही. अठरा दिवस भट्टीचा फोटो होता. जमले अकरा हजार, त्यातले पाच ताईचेच. परवा तिने माझा सातव्या वर्षीचा लावला. खाली लिहिलंय — 'हा मुलगा आज परदेशात दहाव्या मजल्यावर प्लास्टर करतो.' एका दिवसात सत्तर हजार!

आणि खाली लोकांचं एकच पालुपद. बिचारा. बिचारा. किती गोड, बिचारा.

बिचारा म्हणवून घ्यायचं असतं तर घरीच बसलो असतो की.

१० फेब्रुवारी

लाखावर गेलं. चीडही येते आणि तासातासाला बघतोही.

१२ फेब्रुवारी

खोलीतल्या वायरमनने जेवताना फोन पुढे केला. 'हे कान तुझेच!'

म्हटलं, कानासारखे कान असतात.

'इतके नसतात.'

दोघंही हसलो. मग म्हणाला, 'मुकादमाकडेपण आलंय हे. अजून ओळखलं नाही त्याने.' कामाला लागताना फॉर्मवर विचारलं होतं — पूर्वी काही ऑपरेशन? मी 'नाही' म्हटलं, आणि ह्या वायरमननेच ते लिहिलं, कारण परक्या भाषेतला तो फॉर्म मला वाचता येत नव्हता. पायाची दोन ऑपरेशनं झालेल्याला परांचीवर कोण चढू देतं? मी चढतो. तीन वर्षं चढतोय. एकदाही पाय सटकला नाही. पण कागद तो कागद.

१३ फेब्रुवारी

ताईला फोन केला. 'काढ तो फोटो.'

'चाळीस पोरं थांबलीत रे. पाय वाढतात, कॅलिपर वाढत नाहीत.'

'माझी नोकरी जाईल.'

'नोकरी जाईल म्हणून, की लोक बिचारा म्हणतात म्हणून?'

तिला सगळं कळतं, हाच तिचा दोष आहे!

दुपारी फोटो गेला. भट्टी परत आली.

१४ फेब्रुवारी

एकाने दोनशे दिले.

१५ फेब्रुवारी

कुणीच नाही.

१८ फेब्रुवारी

एक लाख त्रेसष्ट हजारांवर काटा अडलाय. ताई भांडत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. आज नुसता निरोप आला — संस्थेतल्या एका सहा वर्षांच्या मुलीचा कॅलिपर तोकडा झाला, मांडीला रुतून जखम झाली, म्हणून काढून ठेवलाय. 'ती परत रांगायला लागली.' बाकी काही नाही. फोटोही नाही.

रांगणं मला चांगलं माहीत आहे. घरी आलेला माणूस मला त्याच्या पायांवरून ओळखू यायचा. चेहरे उशिरा दिसायचे. चुलत्याच्या टाचेला भेगा, आईच्या अंगठ्याला ठेच. उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा खिडकीतून रस्ता दिसला, आणि तेव्हापासून मी एका जागी बसलेलो नाही.

आज प्लास्टर तीनदा बिघडलं. मुकादम ओरडला, 'लक्ष कुठंय, नवरदेव?'

२१ फेब्रुवारी

रविवार. वायरमनला म्हटलं, फोन धर. पँट वर केली. बारकी पोटरी, टाके, सगळं. पहिल्यांदा त त प प झालं. दुसऱ्यांदा वायरमनच हसला. सातव्यांदा एकदाचं जमलं —

'फोटोतला मुलगा मीच. बिचारा म्हणू नका. माझ्या वेळी भट्टी चालू होती म्हणून मी चालतो. आता ती बंद आहे. बास.'

वायरमन म्हणाला, 'मुकादम बघेल.'

'बघू दे.'

'डोकं फिरलंय तुझं.'

ताईला पाठवलं. लिहिलं, लाव, नावासकट. तिचा लगेच फोन. म्हणाली, 'विचार केलास ना?' म्हटलं, तू लाव, नाहीतर विचार करीन.

२४ फेब्रुवारी

तीन लाख! कुणी बिचारा लिहीत नाही. एकाने लिहिलंय, 'कान जबरदस्त.' हा वायरमनच असणार.

मुकादम आज दोनदा माझ्या पायांकडे बघून गेला. ओरडलाही नाही. तेच वाईट.

२६ फेब्रुवारी

बोलावलं.

'वर कर पँट.'

केली. वाकून टाके बघितले.

'दुखतो?'

'नाही.'

'थंडीत?'

'थोडा.'

'कागदावर खोटं लिहिलंस. उद्या वरून पडलास तर तुझ्या आईला मी काय सांगू?'

'तीन वर्षांत पडलो नाही, साहेब.'

'पडत नाहीत तोपर्यंत सगळेच असं म्हणतात.' मग खुर्चीत बसला. 'हात चांगला आहे तुझा. माझ्या हातात असतं तर... उद्या ऑफिसात ये.'

पान तीन लाख एकसष्ट हजारांवर.

२८ फेब्रुवारी

काल कामावरून काढलं. पगार हातात दिला. घरी जायच्या तिकिटापुरता होता. ताईला सांगितलेलं नाही. पान संध्याकाळी सहाला बंद होतं, आता पाच वाजून गेलेत, आणि काटा तासाभरापासून तीन लाख सत्तर हजार सहाशेवरच आहे. तिकिटाचं नंतर बघू. पाठवतोय — एकोणतीस हजार चारशे.