आवाजाची वाटणी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे कुरकुरत असतीलच, त्यांचीही विचारपूस समज.

शाळेतल्या आजाऱ्यांच्या खोलीतल्या त्या दोन लोखंडी खाटा आठवतात का गं? माझी मान डावीकडून फुगायची, गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, की सिस्टर म्हणायच्या गालगुंड, आणि इतर मुलींना लागण नको म्हणून तुलाही माझ्या शेजारी झोपवायच्या. (दर वर्षी गालगुंड कसं होईल, असं विचारायची पद्धत त्या शाळेत नव्हती.) तू ठणठणीत, माझ्या वाटणीचं दूध पिऊन गणिताचा तास चुकवायचीस.

लग्न झालं, गालगुंडाचं नाव गेलं आणि उशीचं आलं. सासूबाईंनी जाड उशी काढून घेतली, नवऱ्याने पातळ आणली, हाडांच्या डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला. तो घालून मी महाराणीच्या ऐटीत भांडी घासली. एकाने थायरॉइडची सूज म्हटलं, एकाने गळू कापलं, ते पुन्हा हजर. शेवटी घशाच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घातली, तेव्हा सापडलं: घशातून मानेत उतरणारी एक बारीक नळी, जन्माआधी बुजायची ती राहून गेलेली. फार थोड्यांना असते म्हणे. खाल्ल्याप्यायल्याचं तिच्यात झिरपतं आणि आत पिकतं. म्हणजे आईच्या पोटातच कारागीर काम अर्धवट टाकून गेला, आणि आपण जन्मभर उशीला शिव्या घातल्या.

गुरुवारी ऑपरेशन आहे. शेजारीच आवाजाची नस आहे. बाईंनी स्पष्टच सांगितलं, आवाज काही आठवडे बसू शकतो, क्वचित कायमचा. तुझ्या भाओजींनी लगेच विचारलं, "साधारण किती आठवडे धरून चालायचं?" मी म्हटलं, "एवढी घाई असेल तर तुम्हीच कापा." घरी आल्यावर मात्र ते मला उगाच काहीबाही विचारत बसले, मी बोलत राहावं म्हणून.

मी मुळीच घाबरलेली नाही. तू येण्याची दगदग करू नकोस.

तुझी ताई

ता. क. आवाज परत आलाच नाही, तर वाटणी अशी: भाजीवाल्याशी घासाघीस सुनेला. फोनवरच्या चौकशा मुलाला, त्याचं तोंड जरा उघडेल. भाओजींवर ओरडणं शेजारीणबाईंना. त्या नाहीतरी हौसेने करतात.

आणखी ता. क. नातीची झोपतानाची गोष्ट राहिली. दुसऱ्या कुणी सांगितली की ती चुका काढते आणि जागीच राहते. आईची ती गोष्ट शब्दन् शब्द आता आपल्या दोघींनाच येते. ती तुला. बुधवारीच ये, एकदा माझ्या तोंडून ऐकून घे.