पणजीच्या चित्रावरचं कुंकू

प्रिय आई,

तुला जाऊन नऊ दिवस झाले. आज मुकुंदवाडीतल्या फोटोवाल्याकडं तुझा फोटो मोठा करायला गेलो होतो. माझ्या लग्नातला, कपाळभर कुंकू लावलेला. त्यानं तुझा चेहरा कॉम्प्युटरवर घेतला आणि विचारलं, "सर, वडील आधीच गेलेत ना? मग कुंकू काढून टाकू? आपल्याकडं सगळे तसंच नेतात."

मी काय म्हणालो असेन? "उद्या सांगतो." शाळेत पोरांना समाजसुधारक शिकवणारा तुझा मुलगा एवढंच बोलला! म्हणून लिहायला बसलोय.

घरी आलो तर समोर भिंतीवर ती दोघं. बाबांचे आजोबा आणि आजी. देवगाव रंगारीला आलेल्या कुण्या फिरत्या चित्रकारानं जोडीनं रंगवलेली. पणजोबांचा पटका अजून लाल आहे. ते आधी वारले, तेव्हा भावकीनं पणजीच्या चित्रातलं कुंकू चाकूनं खरवडून काढलं. मेले ते आणि कपाळ गेलं हिचं!

नवी नवरी होतीस तेव्हापासून त्या पांढऱ्या ओरखड्यावर तू दर सणाला कुंकू लावायचीस, काचेवरून. बाबा म्हणायचे, "चित्राला नटवून झालं असंल तर मला चहा दे." तू हसायचीस आणि मुद्दाम उशीर करायचीस.

मग बाबा गेले. दहाव्याला काकू आणि शेजारणी तुला मधे घेऊन बसल्या. तू माझ्याकडं पाहिलंस. आई, मला ते दिसलं होतं, खोटं कशाला बोलू? मी चपला घातल्या आणि जिना उतरून खाली गेलो. वर आलो तेव्हा तुझं कपाळ घासून घासून सोललं होतं. त्याबद्दल आपण कधीच बोललो नाही. एकदा तरी शिव्या द्यायच्यास की मला!

त्या दिवाळीला तू म्हणालीस, "दत्ता, तिला कुंकू लाव रं. माझा हात आता चालत नाय. लई उघडी दिसती."

"आई, चित्राला काय कळतंय?"

"व्हय, चित्राला नाय कळत," म्हणालीस आणि आत जाऊन भांडी घासत बसलीस.

तू तिच्याबद्दल बोलतच नव्हतीस, हे आता समजलं. काय उपयोग? पुढची पाच वर्षं ती तशीच राहिली आणि तूही.

आज सुतक असूनही कुंकवाचा करंडा काढला. काच पुसली, तिच्या कपाळावर बोट टेकवलं. हे तू असताना करायला हवं होतं गं.

उद्या फोटोवाल्याला सांगणार आहे, कुंकवाला हात लावू नका. तेराव्याला काकू येतील, आकांडतांडव करतील, फोटो उतरव म्हणतील. म्हणू देत. मी तुझ्या फोटोखालीच बसून राहीन, आई. या वेळी चपला घालणार नाही.

तुझा,
दत्ता