कलशाखालचं नाव

रोम, ३ मार्च १७८६

पोरीनं कलश काढला! एर्सिलियानं, माझ्या लेकीच्या लेकीनं. आजवर मामाच्या चित्रं छापायच्या दुकानात बसून दुसऱ्यांचेच कलश तांब्याच्या पत्र्यावर कोरत आली. कुणाच्या बागेतला, कुणाच्या शेतात सापडलेला. हा मात्र तिच्या डोक्यातला. पाय सडपातळ, पोट गरगरीत, दोन्ही कानांच्या जागी मेंढ्यांची तोंडं, मधून द्राक्षवेल. मेंढे असे बघतात, जणू आत्ताच एकमेकांशी भांडलेत. मी हसत सुटले. तिकडे चणे करपले. करपू देत!

४ मार्च

एव्हारिस्तो, म्हणजे माझा लेक, दुकानाचा मालक. म्हणतो, "चित्राखाली लिही – 'प्राचीन कलश, तिवोलीजवळ सापडला.' परदेशी पाहुणे जुनंच घेतात."

"सापडला नाही मामा, सुचला," एर्सिलिया म्हणाली.

"मग माझं नाव घाल. पोरीचं नाव वाचून लोक हसतील."

मी म्हटलं, "हसू देत की. तुझं नाव ठेवलं तेव्हाही हसले होते."

आमच्यात रीत अशी – चित्राखाली डावीकडे ज्याला सुचलं त्याचं नाव, उजवीकडे ज्यानं कोरलं त्याचं. पोरीचं दोन्हीकडे यायला हवं. मेला एकीकडेही देईना!

६ मार्च

माझ्यापुरती छपाई बंद. तांब्याच्या पत्र्यावरची शाई शेवटी तळहातानं पुसावी लागते, आणि या घरात तो तळहात माझा. सांगून टाकलं, नाव येत नाही तोवर हात मांडीवर.

"आई, ऐन उपासाच्या दिवसांत हट्ट?"

"उपास मांसाचा असतो रे. हट्टाचा नाही."

७ मार्च

आज त्यानं स्वतःच पुसलं. जोर लावून! खाचांतली शाईसुद्धा निघाली, कागदावर मेंढेच गायब. एर्सिलिया म्हणते, "मामा, आता मात्र खरंच दोन हजार वर्षांचा वाटतोय. पार झिजलाय." मला ठसका लागला. तो हसला नाही. मग आत जाऊन हसला, मी ऐकलं.

९ मार्च

एव्हारिस्तो नमला, पोरीनं कोरलं नाव! पत्र्यावर अक्षरं उलटी कोरतात. मला माझ्या म्हाताऱ्यानं अक्षरं पत्र्यावरच शिकवली, त्यामुळे उलटी झरझर येतात, सुलटी अजून अडखळवतात. छापायच्या आधीच वाचून घेतलं – 'एर्सिलियाला सुचला, एर्सिलियानं कोरला.' मग हाताला खडू चोळला आणि पुसायला बसले. पहिला कागद उचलला तेव्हा एव्हारिस्तोनं टोपी काढली. म्हणे उकडतंय. मार्चमध्ये!

२ एप्रिल

खिडकीत लावलाय. येणारे-जाणारे थांबतात. कुणी हसलं नाही.

२० मे

जुन्या वस्तू विकणाऱ्या बार्तोलोच्या अंगणात संगमरवरी कलश उभा राहिलाय. तिवोलीजवळ नांगराला लागला म्हणे, दोन हजार वर्षांचा! पाय सडपातळ, पोट गरगरीत, मेंढे रुसलेले. एकाचं शिंग मुद्दाम फोडलंय. एव्हारिस्तो धापा टाकत आला, "आई, खिडकीतला कागद काढ, बार्तोलो भांडायला येईल!" मी शेजारी दुसरा लावला.

एर्सिलिया बघून आली. मला वाटलं, रडेल. तर पोट धरून हसतेय. "आज्जी, मागून साफ कोरा आहे गं! चित्रात मागची बाजू नव्हती ना!"

आता मागची बाजू काढायला बसलीय. मी म्हटलं, नाव आधी घाल.